धुक्यातील चालक आणि ‘फॉग पास’ उपकरण : एक चिकित्सा

पावसाळ्यातील कन्नड घाट सोडला तर दाट धुके हा खानदेशाचा नित्याचा अनुभव नव्हे. तथापि उत्तरेकडील धुक्याचा परिणाम दर हिवाळ्यात भुसावळ जंक्शनवर गाडीची वाट पाहणाऱ्यांना भोगावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेने जाहीर केलेल्या १९,७४२ ‘फॉग पास’ उपकरणांपैकी ५६० मध्य रेल्वेकडे होती. या उपकरणाची चालकाच्या दृष्टीने चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

जीपीएसवर चालणारे, दीड किलोपेक्षा अधिक वजन नसलेले हे उपकरण लोको पायलट स्वतःबरोबर इंजिनात नेतो. पुढील सिग्नल, फाटक किंवा वेगमर्यादेचे ठिकाण सुमारे ५०० मीटरवर आले की ते पडद्यावर व आवाजाने सूचना देते. पूर्वी रुळांवर लावलेल्या फटाक्यांचा आवाज हीच मुख्य सूचना असे. सिग्नलच्या किमान २७० मीटर अलीकडे माणसाने धुक्यात जाऊन ते लावावे लागत. त्या तुलनेत ही सुधारणा निर्विवाद आहे.

परंतु सिग्नल कोठे आहे एवढेच हे उपकरण सांगते. तो लाल आहे की हिरवा, हे सांगत नाही. धुक्यात अनुज्ञेय असलेल्या ताशी ७५ किलोमीटर वेगाने ५०० मीटर अंतर कापण्यास २४ सेकंद लागतात. दृश्यमानता ५० मीटर असेल, तर सिग्नलचा रंग मात्र अवघे अडीच सेकंद दिसतो. म्हणजे सूचना वेळेवर मिळूनही निर्णय अखेरच्या क्षणीच घ्यावा लागतो. शिवाय पडदा चालकाच्या मेजावर असल्याने, नजर समोर खिळलेली हवी नेमकी तेव्हाच ती खाली वळण्याचा संभव आहे. (आवाजाची जोड दिली हे रचनाकारांचे शहाणपणच म्हणावे लागेल.)

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात बर्फ हटविणाऱ्या वाहनांसाठी याच प्रश्नाचा विचार झाला. तेथे रस्त्याच्या कडा चालकाच्या डोळ्यांसमोरील पारदर्शक पडद्यावर उमटविण्यात आल्या. नजर खाली वळविण्याची गरजच उरली नाही.

आपल्याकडे २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेली ‘कवच’ सिग्नलची स्थिती इंजिनातच दाखविते आणि चालक चुकल्यास ब्रेकही लावते. ती अद्याप सर्व मार्गांवर पोहोचलेली नाही. जेथे ती नाही, तेथे सिग्नलचा रंग चालक व सहायक यांनी डोळ्यांनी पाहूनच एकमेकांना मोठ्याने सांगावयाचा असतो.