पणती आणि झुंबर : ‘जामखेड’ या ग्रंथाचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

श्रीसाईसच्चरिताच्या पहिल्या अध्यायातील गहू दळण्याची कथा शिर्डी परिसरात कोणास अपरिचित नाही. गावावर महामारीचे सावट असताना साईबाबा जाते मांडून दळावयास बसतात. चार स्त्रिया पुढे होऊन जात्याचा खुंटा हाती घेतात, ओव्या गात दळण पुरे करतात आणि ते पीठ अखेर गावाच्या शिवेवर टाकले जाते. या कथेचा भक्तिपर अर्थ सर्वश्रुत आहे व तो येथे चर्चेचा विषय नाही. प्रस्तुत लेखास तिच्यातील एकच तपशील महत्त्वाचा वाटतो. गावाच्या आरोग्याचे काम गावातील स्त्रियांच्या हातून पार पडते. पिठाचे काय करावयाचे हा निर्णय मात्र त्यांचा नसतो.

ग्रामीण विकासाच्या क्षेत्रात आजही हाच प्रश्न उभा आहे : श्रम कोणाचे आणि निर्णय कोणाचा? याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जामखेड येथे, १९७० मध्ये सुरू झालेल्या सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने या प्रश्नाचे एक उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाची कहाणी डॉ. मेबेल आरोळे व डॉ. रजनीकांत आरोळे यांनी ‘जामखेड’ या इंग्रजी ग्रंथात सांगितली असून तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथाचा गौरव पुष्कळ झाला. चिकित्सा त्या मानाने कमी झाली. ती करण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

ग्रंथ आणि त्याची पार्श्वभूमी

आरोळे दांपत्य वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. रजनीकांत हे मूळचे याच जिल्ह्यातील. नेवासे तालुक्यातील वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम करीत असताना त्यांना एक गोष्ट जाणवली. बरा होऊन घरी गेलेला रुग्ण काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येतो, कारण आजाराचे मूळ दूषित पाणी, अपुरे अन्न आणि सामाजिक विषमता यांत असते. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले व त्यांनी जामखेडची निवड केली. आरंभी आठ गावे कामासाठी घेण्यात आली. १९७९ मध्ये उभयतांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबेल यांचे १९९९ मध्ये व रजनीकांत यांचे २०११ मध्ये निधन झाले. पुढील पिढीने हे काम चालू ठेवले आहे.

ग्रंथाचे निवेदन ‘आम्ही’ या प्रथमपुरुषी अनेकवचनात आहे. आत्मकथन, प्रकल्पाचा अहवाल आणि गावातील स्त्रियांच्या जीवनकहाण्या असे तीन प्रवाह त्यात एकत्र आले आहेत. त्यामुळे ग्रंथ वाचनीय झाला आहे. परंतु त्यामुळेच त्याची परीक्षा करणे अवघडही झाले आहे. अहवालातील आकड्यांना पुरावा मागता येतो, आत्मकथनाला तो मागणे अनुचित वाटते. समीक्षकाने या संकोचातून बाहेर पडणे आवश्यक आहे.

अपयशाची नोंद : ग्रंथाचे बलस्थान

या ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग यशाच्या वर्णनात नसून अपयशाच्या नोंदीत आहे. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना गावांत पाठवून काम करून घ्यावे, अशी योजना होती. ती फसली. शिकलेली, बाहेरून आलेली, एकटी राहणारी तरुण परिचारिका गावातील स्त्रियांच्या विश्वासाला पात्र ठरेना. आणि तिलाही गाव आपले वाटेना. तेव्हा गावातीलच एका स्त्रीची गावाने निवड करावी व तिला शिकवावे, हा विचार पुढे आला. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. कित्येक दलित समाजातील, तर काही पतीने टाकलेल्या होत्या.

या स्त्रिया जामखेडला नियमितपणे एकत्र येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. अतिसारात मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, गर्भवतीची तपासणी कशी करावी, बाळाचे वजन कसे नोंदवावे, कुष्ठरोग व क्षयरोग कसा ओळखावा, हे त्यांनी आत्मसात केले. वैद्यकीय ज्ञान हे पदवीधारकाची मालमत्ता नव्हे, हा विचार येथे प्रत्यक्षात उतरला. डॉक्टरांना आणि परिचारिकांना आपला अधिकार सोडणे किती जड गेले, याचीही प्रांजळ कबुली ग्रंथात आढळते. स्वतःच्या व्यवसायाकडे इतक्या कठोरपणे पाहणारे लेखन वैद्यक क्षेत्रातून क्वचितच आले आहे.

परिणामांविषयी मात्र सावध राहावे लागते. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात ३० च्या खाली आला. ही घट मोठी आहे. पण याच काळात राज्यात रोजगार हमी योजना आली, लसीकरण वाढले, रस्ते झाले. त्यांचा वाटा ग्रंथ वेगळा काढीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात प्रकल्पातील गावांमध्ये पाच वर्षांखालील बालमृत्यूचा धोका शेजारच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा पहिल्याइतका दिपवणारा नाही. तथापि तो तुलनेवर आधारलेला असल्याने अधिक विश्वसनीय आहे आणि कार्याची महत्ता त्याने उणावत नाही.

पाणी, जात आणि जिल्ह्यातील अन्य प्रारूपे

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा ग्रामविकासाच्या प्रयोगांची भूमी म्हणून ओळखला जातो. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, संगमनेर तालुक्यातील दरेवाडी ही नावे अभ्यासक्रमांतही आली आहेत. या प्रयोगांचा पाया पाणलोट विकास हा आहे. त्यांचे यश निर्विवाद आहे. परंतु पाणी जमिनीत मुरते आणि जमीन ज्याची, लाभ प्रथम त्याचा. भूमिहीनाला मजुरी मिळते, स्थलांतर कमी होते, हे खरे. तरीही चराईबंदीचा भार ज्याच्याकडे चार शेळ्यांखेरीज काही नाही त्याच्यावर अधिक पडतो, हेही तितकेच खरे आहे.

जामखेडच्या प्रयोगाचा आरंभबिंदू वेगळा आहे. जमीन नसलेल्या माणसालाही शरीर असतेच. म्हणून आरोग्यापासून निघालेले काम सर्वांत खालच्या घरापर्यंत पोचू शकते. १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरी घेण्यात आल्या, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसविण्याचा आग्रह धरण्यात आला. पाणी हवे असेल तर सवर्णांनी तेथे यावे, अशी ती रचना होती. समतेवर एकही व्याख्यान न देता पंपाच्या जागेने शिवाशिवीच्या रूढीला धक्का दिला. शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांची उभारणीही याच धोरणाने झाली.

येथे एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. ग्रंथात जातीविषयी जेवढी स्पष्टता आहे, तेवढी जमिनीच्या मालकीविषयी नाही. गावातील प्रतिष्ठितांचे मन वळविण्याच्या अनेक कथा येतात. त्यांच्या आर्थिक सत्तेला हात लागल्याच्या कथा विरळ आहेत. संघर्ष टाळून परिवर्तन घडविण्याची ही नीती व्यवहार्य होती, कदाचित अपरिहार्यही असेल. पण तिची किंमत काय पडली, याचा हिशेब लेखकांनी मांडलेला नाही.

पणतीच्या रूपकाचे दोन अर्थ

१९८८ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेड प्रकल्पातील ग्राम आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ यांनी केलेले भाषण प्रसिद्ध आहे. सभागृहातील झुंबरांकडे निर्देश करून त्यांनी डॉक्टरांना झुंबराची उपमा दिली : सुंदर, पण महाग आणि सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे. मग दोन साध्या दिव्यांपैकी एक पेटवून त्यांनी दाखवून दिले, की आरोग्यसेविका ही अशा दिव्यासारखी आहे. ती स्वस्त व साधी आहे आणि एका दिव्याने दुसरा दिवा लावता येतो, जे झुंबराला शक्य नाही.

हे रूपक जगभर उद्धृत झाले. त्याचे दोन अर्थ संभवतात. पहिला अर्थ ज्योतीने ज्योत लावण्याचा, म्हणजे ज्ञानाच्या प्रसाराचा. दुसरा अर्थ स्वस्ताईचा. वक्त्याच्या मनात भर पहिल्या अर्थावर होता, हे संदर्भावरून स्पष्ट होते. शासनव्यवस्थेने मात्र प्रामुख्याने दुसरा अर्थ उचलला, असे पुढील इतिहास पाहता म्हणावे लागते.

जामखेडच्या अनुभवाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवांवरील संकलनात झाला होता. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यामागे अशा प्रयोगांची प्रेरणा होती. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ नेमण्याचे ठरले. बाह्यरूप जामखेडसारखेच होते. अंतरंगात फरक होता. आशासाठी आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवण्यात आली. त्यामुळे जामखेडने जिला प्रथम निवडले असते ती निरक्षर, परित्यक्ता स्त्री सामान्यतः बाहेर राहिली. आशाला कामानुसार प्रोत्साहन भत्ता मिळतो, ती कर्मचारी गणली जात नाही. परंतु तिच्याकडून काम मात्र वरून ठरलेल्या नोंदवह्यांप्रमाणे घेतले जाते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. २०२१ व २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशा मानधनासाठी संपावर गेल्या होत्या. गौरव आणि संप यांचे हे सान्निध्य बोलके आहे.

या विपर्यासाचा काही दोष मूळ प्रारूपाकडेही जातो. जामखेडच्या सेविकांना नियमित वेतन नव्हते. त्यांच्या उपजीविकेसाठी पतपुरवठा व लहान उद्योग यांची जोड होती, आणि सेवा ही स्वयंस्फूर्त राहावी अशी भूमिका होती. या भूमिकेचे नैतिक सौंदर्य मान्य करूनही विचारावेसे वाटते, की डॉक्टरांचे ज्ञान सेविकेकडे जाऊ शकते, तर त्या ज्ञानाचा मोबदला का जाऊ नये? पणतीलाही तेल लागते. ते कोणी घालावयाचे, याचे उत्तर ग्रंथात समाधानकारक मिळत नाही.

गावाच्या शिवेबाहेर

शिर्डी नगर शहरापासून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटर, तर जामखेड आग्नेयेला सुमारे ७५ किलोमीटर आहे. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे कालवे, ऊस आणि सहकारी साखर कारखाने, दक्षिणेला अवर्षण. ही दोन जगे वेगळी भासली, तरी ऊसतोडणीने ती जोडलेली आहेत. जामखेड, पाथर्डी व शेजारच्या बीड जिल्ह्यातील मजूर जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

गाव हे एकक मानणाऱ्या प्रारूपाची मर्यादा येथे उघड होते. गरोदर स्त्री गावात असते तोवर आरोग्यसेविका तिची असते. ती कारखान्याच्या फडावर गेली की तिच्या पोटातील बाळाची नोंद कोणत्याच वहीत राहत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. शासनाच्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. जामखेड तालुक्याची सीमा याच जिल्ह्याला लागून आहे. ज्या प्रयोगाने स्त्रीला आपल्या शरीराविषयी बोलावयास शिकविले, त्याच्या शेजारीच हे घडावे, यातून प्रयोगाचे अपयश सिद्ध होत नाही. परंतु एखादे आदर्श काम बेटासारखे राहिले तर चहूकडचे पाणी बदलत नाही, एवढे निश्चित दिसते.

समारोप

‘जामखेड’ हा ग्रंथ आदर्श प्रकल्पाची प्रशस्ती म्हणून वाचला तर तो लवकर जुना होईल. ज्ञान आणि अधिकार खाली सोपविण्याच्या एका अपूर्ण प्रयत्नाची नोंद म्हणून वाचला, तर तो आजही उपयुक्त आहे. वेतन, जमीन आणि स्थलांतर या तीन प्रश्नांवर त्याची मांडणी अपुरी आहे. निरक्षर स्त्री शिकू शकते, शिकवू शकते आणि निर्णय घेऊ शकते, या प्रतिपादनात मात्र तो अद्याप आपल्या धोरणकर्त्यांच्या पुढे आहे.

आपल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी दत्तक गावांत भरतात. गावाने काय करावे, हे बहुधा आपण आधीच ठरवून जातो. परिचारिका गावात पाठविण्याची आपली योजना फसली, हे आरोळे दांपत्याने मान्य केले, तेथून त्यांच्या खऱ्या कामास आरंभ झाला. आपल्या शिबिरांच्या अहवालांत फसलेल्या उपक्रमासाठी एक रकाना ठेवता आला, तर या ग्रंथाचे वाचन कारणी लागले असे म्हणता येईल.