इंद्रियांचा कलह

शके १२१२ मध्यें म्हणजे इ. स. १२९० सालीं सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायारंभीं मराठी बोलानें अमृताशीं लावलेली पैज आपल्या व्याख्यात्यांना फार प्रिय आहे. ती उच्चारली कीं टाळ्या पडतात व वक्ता पुढें जातो. परंतु त्या पैजेला लागूनच जें विलक्षण दृश्य ज्ञानदेवांनीं उभें केलें आहे त्याकडे, आणि विशेषतः त्याच्या शेवटाकडे, फारसें कोणी वळून पाहत नाहीं.

शब्द हा वस्तुतः कानाचा विषय. पण येथें कानांनाच जिभा फुटतात. रसना हा रस आपला म्हणते. घ्राणाला त्यांत परिमळ भासतो. डोळ्यांना रूपाची खाण उघडल्यासारखी वाटते. आणि मन तर आलिंगनासाठीं बाहेर धांव घेतें. इंद्रियांइंद्रियांत कलह माजतो, व शब्द तो मिटवितो. एकट्या सूर्यानें सारें जग जागें करावें, तसा तो सर्वांची सारखीच समजूत घालतो.

ही निव्वळ अतिशयोक्ति आहे काय? इंद्रियें आपापल्या खोलींत दार लावून बसत नाहींत, हें तर शास्त्रही सांगतें. आपण जिला चव म्हणतों तिचा मोठा भाग नाकाचा असतो. घांस चावतांना सुटणारा गंध घशामागच्या वाटेनें नाकांत चढतो. म्हणूनच पडशांत पक्वान्न बेचव लागतें. मॅक्गर्क व मॅक्डोनाल्ड यांनीं १९७६ सालीं असें दाखविलें कीं, कानावर ‘बा’ पडत असतां डोळ्यांपुढें ‘गा’ उच्चारणारे ओंठ असले, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकूं येतें. दोन साक्षीदारांची जबानी जुळली नाहीं म्हणजे मन तिसराच निवाडा देतें.

मात्र एवढ्यावरून ‘हें शास्त्र आमच्या संतांना आधींच अवगत होतें’ असें म्हणणें म्हणजे शास्त्र आणि काव्य या दोहोंचाही अवमान करणें होय. प्रयोगांत दोन्ही इंद्रियांना खरीखुरी सामग्री मिळत असते; ओवींत कानावांचून कोणालाच कांहीं मिळत नाहीं. आर्णीस अरुणावतीच्या कांठीं मृगाचा पाऊस काळ्या रानावर कोसळतो, तेव्हां मातींतल्या सूक्ष्म जंतूंनीं निर्मिलेलें द्रव्य हवेंत उडून आपल्या नाकाशीं येतें. ‘पहिला पाऊस’ हे दोन शब्द वाचतांना तसलें कांहींच येत नाहीं. तरीही ज्यानें तो वास एकदां घेतला आहे, त्याला तो त्या शब्दांत पुन्हां भेटतो. शब्द संवेदना देत नाहीं; श्रोत्याच्या गांठीं असलेली संवेदना तो जागी करतो. सूर्याचा दृष्टांत किती नेमका आहे पाहा! सूर्य जग घडवीत नाहीं, केवळ उठवितो.

बा. सी. मर्ढेकरांनीं चित्र, संगीत इत्यादि कलांचें माध्यम इंद्रियसंवेदनांत पाहिलें. साहित्याचें माध्यम मात्र ध्वनि नसून भावनात्मक अर्थ होय, असें मांडिलें. ज्ञानदेव याच वाटेनें फार दूरवर जातात. बोलांचीं ताटें वाढून झाल्यावर ते सांगतात कीं, हें जेवण इंद्रियांना चोरून जेवणाऱ्यालाच लाभतें. येथें कानाचा आधारही सोडून मनानेंच श्रोता व्हावें लागतें. ज्यांना एवढ्या अगत्यानें बोलाविलें, ते पाहुणे पंगतीबाहेरच राहिले!

मग त्यांना बोलाविलें तरी कशाला, अशी शंका येईल. पण ताट वाढल्यावांचून चोरून जेवणार तरी काय? इंद्रियें जागीं झाल्याशिवाय त्यांच्या पलीकडे जाण्याला अर्थ नाहीं. आपली रसिकता मात्र अलीकडेच थांबते. शाळेंत कविता शिकवितांना ‘कवीनें कसें हुबेहूब चित्र रेखाटलें आहे’ एवढें विचारून आपण मोकळे होतों. टीकेंतही ‘चित्रदर्शी’ हें विशेषण शेवटचा शब्द ठरतें. डोळ्याला दिलेला हा मान इतर इंद्रियांवर अन्याय करतोच, शिवाय चित्र कशासाठीं जागविलें हा प्रश्नही बाजूस सारतो.

वाचकांनीं सहावा अध्याय उघडून चौदाव्या ओवीपासून पुढच्या दहा-बारा ओव्या सलग, आणि शक्यतों मोठ्यानें, वाचाव्या. पैजेचा खरा अर्थ त्या ओव्यांत आहे. तो टाळ्यांपूर्वीं कानीं पडावयास हवा.