नर्सचं ज्ञान मोजलं, पण तिचा वेळ?

संशोधनाचा विषय ठरवायचा म्हटलं की गाईड पहिल्यांदा सांगतात, 'जुने प्रबंध वाचून या.' नर्सिंगचे प्रबंध चाळलेत तर एक साचा हमखास सापडेल: 'स्टाफ नर्सेसच्या अमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता.' अमुकच्या जागी बेडसोअर घाला, नाहीतर हात धुणं घाला. आधी प्रश्नावली, मग तासाभराचं व्याख्यान, आठवड्याने तीच प्रश्नावली. गुण वाढतात, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते, कार्यक्रम परिणामकारक ठरतो.

यातली तांत्रिक चूक तुम्ही ओळखली असेलच. तुलनेला दुसरा गट नाही, आणि तेच प्रश्न पुन्हा विचारल्यावर गुण थोडे वाढणारच. पण मला खटकतं ते त्यामागचं गृहीतक: सेवा कमी पडते, कारण नर्सला माहीत नाही.

जरा हिशेब करू. समजा ४० खाटांचा वॉर्ड, रात्री दोन नर्स, १० पेशंट अंथरुणाला खिळलेले. बेडसोअर टाळायला दर दोन तासांनी कूस बदलायची, हे दोघींनाही पाठ आहे. बारा तासांत प्रत्येकाची सहा वेळा, म्हणजे ६० वेळा. दोघींनी मिळून कूस बदलणं, त्वचा बघणं, चादर सरळ करणं, याला दहा मिनिटं धरा. झाले ६०० मिनिटं, म्हणजे दहा तास. उरलेल्या दोन तासांत ४० जणांची औषधं, सलाईन, बीपी, नवीन ॲडमिशन आणि सकाळचा हँडओव्हर! इथे व्याख्यान काय करणार?

हे काही माझं एकट्याचं म्हणणं नाही. लिंडा एकिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याचे ऑड्स ७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात ५९ लाख नर्स कमी होत्या, आणि त्यातली जवळपास ८९ टक्के तूट कमी व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत होती. म्हणजे आपल्यासारख्यांकडे.

मग एकिनचीच पद्धत उचलून इथे लावायची का? थांबा. आपल्याकडे खाटेशेजारी अजून एक माणूस बसलेला असतो: नातेवाईक. इथे खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक आहे. कॅन्सरच्या उपचाराला पेशंट लांबून येतो, आणि सोबत घरचं कोणीतरी येतंच. आपल्या कुठल्याही मोठ्या सरकारी वॉर्डात बघा. भरवणं, पुसून घेणं, सलाईन संपली म्हणून सिस्टरला हाक मारणं, यातलं बरंचसं काम नातेवाईक करतात. तुमच्या प्रश्नावलीत ते कुठे आहेत? त्यांना मोजलं नाहीत तर सेवा कोणी दिली हेच कळणार नाही.

आणखी एक सापळा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिक्षण रुग्णालयासाठी तीन खाटांमागे एक नर्स असं प्रमाण आहे. ते वाचून ड्युटीवर एकीकडे तीनच पेशंट असतील असं समजू नका. तीन पाळ्यांत वाटलं की एका पाळीत नऊ खाटांमागे एक उरते. शिवाय रजा आणि साप्ताहिक सुट्ट्या आहेतच. म्हणून मंजूर पदं मोजू नका, त्या रात्री हजर किती होत्या ते मोजा.

हा साचा का टिकतो, हेही कळतं. वेळ कमी असतो, नमुना ६० जणींचा, आणि 'नर्सना शिकवते' म्हटलं की परवानगी लवकर मिळते. 'किती जणी ड्युटीवर असतात ते मोजते' म्हटलं की फाईल अडकते. पण परिणाम बघा. प्रत्येक प्रबंध 'ज्ञान अपुरे' लिहितो, प्रशासनाला प्रशिक्षणाचा स्वस्त उपाय मिळतो, आणि दोष त्या रात्रपाळीतल्या दोघींच्या माथी बसतो. तुमच्यातल्या कित्येक जणी उद्या त्याच जागी असणार आहात.

म्हणून निदान एवढं करा. ज्ञानाच्या प्रश्नावलीसोबत 'गेल्या पाळीत कोणतं काम राहून गेलं आणि का' हे विचारा. मिशिगन विद्यापीठाच्या बीट्रिस कॅलिश यांनी राहून गेलेल्या सेवेसाठी मिसकेअर नावाची प्रश्नावली तयार केली आहे; ती मराठीत वापरायची तर आधी इथल्या नर्सवर तपासून घ्या. दोन रात्री परवानगी काढून वॉर्डात बसा आणि घड्याळ लावून नोंद करा. नमुना लहान असला तरी चालेल. 'तिला माहीत होतं, पण वेळ नव्हता' हे आकड्यांत मांडता आलं, तर तो प्रबंध कपाटात पडून राहणार नाही.