इंडक्टर : सूत्रातला आणि प्रत्यक्षातला

बारावीच्या भौतिकीत स्वयंप्रवर्तनाचा विषय बहुधा एका सूत्रापाशी येऊन थांबतो. एनसीईआरटीच्या पुस्तकातील एक गोष्ट मात्र फार चांगली आहे. यामिकीत जे स्थान वस्तुमानाचे, तेच विद्युत मंडलात प्रवर्तकतेचे, असे तेथे सांगितले आहे. या तुलनेने निम्मा विषय उलगडतो. इंडक्टर प्रवाहाला अडवत नाही, प्रवाहातील बदलाला अडवतो. स्थिर प्रवाहाच्या दृष्टीने तो नुसते तारेचे वेटोळे असतो. तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल.

सूत्र सांगते, की वेटोळ्याची लांबी तीच ठेवून फेरे दुप्पट केले तर प्रवर्तकता चौपट होते आणि गाभ्यात लोखंड घातले की ती कितीतरी पटींनी वाढते. उदाहरणे सोडवणारा विद्यार्थी लोखंडाची पार्यता हा कायमचा आकडा समजतो. तो तसा नाही. सिलिकॉन पोलाद सुमारे २ टेस्लाला संपृक्त होते. फेराइट बरेच आधी, ०.३ ते ०.५ टेस्लाच्या आसपास. त्यापुढे गाभा असून नसल्यासारखा होतो. प्रवर्तकता कोसळते आणि जिथे प्रवाह आवरायचा तिथेच तो उसळतो. सूत्रासोबत ही मर्यादा सहसा सांगितली जात नाही, हे मोठे वैगुण्य आहे.

ट्यूबलाइटच्या जुन्या चोकच्या गाभ्यात मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. विद्यार्थ्याला तो दोष वाटेल. वास्तविक ऊर्जेचा मोठा भाग त्या फटीतच साठतो. चुंबकी क्षेत्र दोन्हीकडे जवळपास सारखेच, पण ऊर्जेची घनता पार्यतेच्या व्यस्त प्रमाणात असते. फटीमुळे प्रवर्तकता घटते, पण गाभा अधिक प्रवाह पेलतो.

मग तयार इंडक्टर कधी पुरत नाही? चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीकडे आणि तेथून नाशिक रस्त्याने पुढे गेल्यास पडघे लागते. चंद्रपूरहून येणारी ७५२ किलोमीटरची, ±५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी येथे संपते. ती १९९९ मध्ये सुरू झाली. क्षमता १५०० मेगावॉट. दोन ध्रुवांमधील १००० किलोव्होल्टने भागले की प्रवाह येतो १५०० अँपिअर. अशा वाहिनीत प्रवाहातील लहरी गुळगुळीत करायला आणि बिघाडाच्या वेळी प्रवाहाची वाढ मंदावायला मोठे इंडक्टर लागतात. समजा प्रवर्तकता ०.२५ हेन्री आहे आणि तिच्यावर अचानक पूर्ण ५०० किलोव्होल्ट पडले. तरीही प्रवाह एका मिलिसेकंदात २००० अँपिअरने वाढेल. इंडक्टरच नसता तर काय झाले असते, ते वेगळे सांगायला नको. सतत एकाच दिशेचा प्रवाह, प्रचंड दाब, तारेत निर्माण होणारी उष्णता, या सर्व अटी एकत्र आल्या की वस्तू त्या जागेसाठीच आखावी लागते. लहान उपकरणातही कारणे हीच असतात, फक्त आकडे लहान.

वसई पूर्वेच्या गाळ्यांत उद्या कॉइल गुंडाळणारा मुलगा आज आपल्याच वर्गात असू शकेल. सूत्र फळ्यावर लिहाल तेव्हा शेजारी दोन प्रश्नही लिहावेत : हा गाभा किती प्रवाहापर्यंत गाभा राहील? आणि ही तार किती तापेल? भंगारात निघालेला एक चोक कापून ती फटही दाखवावी. गुण त्याला नाहीत. समज मात्र तेथूनच सुरू होते.