संत एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' : भिन्नतेच्या आदराची एक चिकित्सा

प्रास्ताविक

जागतिकीकरणाच्या प्रक्रियेने भिन्न धर्मांची माणसे एकमेकांच्या शेजारी आणून ठेवली. परंतु शेजार वाढला म्हणून परिचय वाढलाच, असे म्हणता येत नाही. धार्मिक सहजीवनाविषयीचे आपले विवेचन बहुधा 'सर्व धर्मांची शिकवण एकच' या विधानापाशी येऊन थांबते. हे विधान सद्हेतूचे असले, तरी त्यात भिन्नतेचा आदर होण्याऐवजी तिच्याकडे दुर्लक्षच होते. या दृष्टीने संत एकनाथांच्या (१५३३-१५९९) 'हिंदू-तुर्क संवाद' या भारुडाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संवादाचे स्वरूप

साध्य एक, पण भक्तीच्या रीती परस्परविरुद्ध, ही या रचनेची प्रारंभीची भूमिका आहे. त्यानंतर मात्र सौम्यपणाला रजा मिळते. तुर्क ब्राह्मणाच्या सोवळ्या-ओवळ्याची आणि पुराणातील देवकथांची टर उडवतो. ईश्वर सर्वत्र असेल तर प्रार्थनेला पश्चिमच का, असे ब्राह्मण त्याला उलट विचारतो. तुर्क दख्खनी हिंदीत बोलतो, ब्राह्मण मराठीत उत्तर देतो. कोणीही आपली भाषा सोडत नाही आणि दोघांनाही एकमेकांचे नेमके कळते. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी होते, अशी परंपरा आहे. असे द्वैभाषिक जीवन नाथांच्या पाहण्यातले असावे.

या रचनेतील सर्वांत मर्मभेदी युक्तिवाद धर्मांतराविषयीचा आहे. हिंदूलाही ईश्वरानेच निर्माण केले असेल, तर त्याला बळाने मुसलमान करणारा माणूस ईश्वराची चूक दुरुस्त करावयास निघाला आहे काय, असा त्याचा आशय आहे. येथे भिन्नता ही ईश्वरनिर्मित ठरते आणि तिचा आदर हे श्रद्धेचेच अंग होते. हा युक्तिवाद ब्राह्मणाच्या तोंडी असला, तरी तो कोणत्याही धर्माच्या अनुयायाला, स्वतः ब्राह्मणालाही, तितकाच लागू पडतो.

मर्यादा

अखेरीस दोघे एकमेकांना आलिंगन देतात. ही समाप्ती नेहमी गौरविली जाते. परंतु समीक्षकाने येथे थोडे थांबावयास हवे. जेथे हिंदू-मुसलमान हा भेद उरत नाही, त्या अद्वैताच्या भूमीवर ही भेट घडते. म्हणजे भेट होते ती एका पक्षाच्या अंगणात. शिवाय दोन्ही पात्रांची लेखणी एकच आहे. तुर्काला त्याचे बोलणे नाथांनी दिले आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' (१६४५) लिहिला, तेव्हा मुसलमान घराण्यात जन्मलेला कवी स्वतःच्या तोंडाने मराठीत बोलू लागला. नाथांचा संवाद शेख महंमदांच्या सोबतीने वाचला, तरच त्याचा तोल सांभाळला जातो. तथापि भांडण टाळून मिळविलेल्या सलोख्यापेक्षा भांडण पूर्ण ऐकून घेऊन केलेली भेट अधिक टिकाऊ असते, हे या रचनेचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

स्थानिक संदर्भ

बदलापूरजवळच्या खरवई परिसरातील वाचकाला याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. अंबरनाथ तालुक्यातील मलंगगडावर मुसलमान भाविक हाजी अब्दुर रहमान ऊर्फ मलंगबाबांची समाधी मानतात, तर अनेक हिंदू ते मच्छिंद्रनाथांचे स्थान मानतात. वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे राहिली. ब्राह्मणाच्या व्यवस्थापनास आक्षेप घेतला गेला, तेव्हा १८१७ मध्ये चिठ्ठ्या टाकून बाबांचाच कौल घेण्यात आला आणि तो तीनदा केतकरांच्या बाजूने लागला, अशी नोंद सांगितली जाते. हे स्थान संमिश्र असून हिंदू वा मुस्लिम व्यक्तिगत कायद्याच्या चौकटीत न बसणारे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात नमूद आहे.

१९८० च्या दशकापासून मात्र या स्थानाला एकच नाव असावे, यासाठी आंदोलने झाली. जानेवारी २०२४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याच्या 'मुक्ती'ची भाषा केली. येथेही वाद आहेच. परंतु नाथांच्या संवादातील वाद समोरच्याला उत्तर देण्याची संधी देतो, तर हा वाद समोरच्याची जागाच नाकारतो. दोहोंत हाच मूलभूत भेद आहे.

समारोप

सारांश, सहिष्णुता म्हणजे केवळ दुसऱ्याला सहन करणे. आदर म्हणजे त्याचा युक्तिवाद त्याच्या भाषेत समजून घेणे. आपल्या अभ्यासक्रमांतून संतसाहित्यातील ऐक्याची वचने शिकविली जातात, त्यांच्या आधीचे मतभेद मात्र वगळले जातात. माघी पौर्णिमेच्या यात्रेत मलंगगड चढणाऱ्या दोन्ही धर्मांच्या भाविकांत आपले विद्यार्थीही असतात. शेजाऱ्याची श्रद्धा आपल्याहून वेगळी का आहे, हे त्याच्याकडूनच ऐकण्याची तयारी वर्गात झाली, तर 'हिंदू-तुर्क संवादा'च्या अध्यापनाचे सार्थक होईल.