वनस्पतींचे जंबुपार-संरक्षण : एका प्रचलित मांडणीचे परीक्षण

सूर्यप्रकाशातील २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार (अतिनील) किरण पेशीतील डीएनएला अपाय करतात. तरीही वनस्पती दिवसभर उन्हात उभ्या राहतात. हे किरण ओळखणारे प्रथिन कोणते, याचा उलगडा २०११ साली रिझिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील रोपट्यात यूव्हीआर-८ हे प्रथिन जोडीने असते. त्यातील ट्रिप्टोफेन घटक किरण शोषतात, जोडी विलग होते व सुटे प्रथिन कॉप-१ या दुसऱ्या प्रथिनाशी संयोग पावते. परिणामी एचवाय-५ हे नियामक प्रथिन टिकून राहते, कॅल्कोन सिंथेजसारखी जनुके कार्यान्वित होतात आणि किरण शोषणारी फ्लॅव्होनॉइडे पानाच्या बाह्यत्वचेत साठतात.

या शोधाचे मोल निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो त्याच्या प्रचलित मांडणीस. किरण पडले की संरक्षण सुरू झाले, हे दिव्याच्या बटणासारखे चित्र अध्यापनास सोयीचे असले तरी अपुरे आहे. रूप-१ व रूप-२ ही प्रथिने सुट्या घटकांची जोडी पुन्हा जुळवितात. म्हणजे या यंत्रणेत चालनेइतकाच लगामही आहे. ही दोन्ही नसलेली रोपे सवयीनंतर जंबुपार किरणांना अधिक तोंड देतात, परंतु त्या किरणांत त्यांच्या अंकुराचा देठ अधिक आखूड राहतो, असे २०१० साली आढळून आले. पुढे २०१६ साली फिंडले व जेन्किन्स यांनी दाखविले की, दिवसरात्रीच्या नियमित चक्रात वाढणाऱ्या रोपांत जोडलेले व सुटे प्रथिन यांचा समतोल राहतो आणि तापमानाबरोबर तोही पालटतो.

परभणीच्या अभ्यासकास हा मुद्दा गौण मानता येणार नाही. सुमारे १९ उत्तर अक्षांशावरील या भागात मेच्या मध्यास व जुलैच्या उत्तरार्धात सूर्य माथ्यावर येतो. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. उलट, ॲराबिडॉप्सिस बहुधा २०-२२ अंशांवर, बंद कक्षातील मंद प्रकाशात वाढवितात. आणि दृश्य प्रकाश मंद असला की जंबुपार किरणांचा अपाय वाजवीपेक्षा मोठा दिसतो. तेथील आकडे ज्वारीच्या शेतास जसेच्या तसे लावणे धाडसाचे होय. ज्वारीच्या पानावरील जांभळट रंगावरून संरक्षणाचे अनुमान करणेही सदोष आहे. तो रंग जखमेने व रोगानेही उद्भवतो; किरण अडविणारी अनेक फ्लॅव्होनॉइडे मात्र डोळ्यांस दिसतही नाहीत.

तेव्हा परीक्षा शेतातच व्हावी. एकाच वाणाच्या दोन वाफ्यांपैकी एकावर हे किरण अडविणारा पॉलिएस्टरचा, तर दुसऱ्यावर ते जाऊ देणारा ॲसिटेटचा पातळ पडदा धरावा. आणि फ्लॅव्होनॉइडांबरोबर वाढ व उत्पन्नही मोजावे. अधिक संरक्षण म्हणजे अधिक पीक, हे गृहीत धरून वाणाची पैदास आखली, तर संरक्षणाची किंमत शेतकऱ्यास कणसात मोजावी लागेल.