गळा एक, ढीग दोन

प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले. मागं गाण्यांचा डोंगर ठेवून गेले. भीमगीतं, कव्वाल्या, लोकगीतं अन् त्यातच विठ्ठलाची भक्तिगीतं. ‘ऐका सत्यनारायणाची कथा’ हेही त्यांचंच. आपले कार्यकर्ते या डोंगराचे दोन ढीग करतात. एक आपला, दुसरा फेकायचा. झाली समीक्षा!

दोस्तहो, १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. तेव्हा सत्यनारायण आपल्या वस्तीत वाजणार नाही. यात तडजोड नाही. पण फेकण्याआधी ऐका तर खरं. लकडगंजातल्या आरामशीनच्या घरघरीवर चढणारा तो मोकळा आवाज, कव्वालीतली ती फेक, दोन्ही ढिगांत तीच आहे. गाणाऱ्यालाही पोट असतं, अन् कंपनी विकेल ते मागते.

पंढरपूरचं देऊळ आपल्या माणसांना उघडलं १९४७ साली, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. आज सवर्णांच्या देवघरात त्याच पंढरीची वाट कोणाच्या आवाजात चालते? प्रल्हाद शिंद्यांच्या. अन् त्यांचं भीमगीत त्यातल्या किती घरांत वाजतं? आवाज आत घेतला, माणूस बाहेर ठेवला. चोखोबाचंही हेच केलं. अभंग ओठांवर, चोखोबा पायरीशी.

म्हणून दुसरा ढीगही जपा. भीमगीतं गायला ठेवा. भक्तिगीतं पुरावा म्हणून ठेवा.